तिसरं कपाट

बाबूजींसमोर ‘किंवा’ म्हणायची सोय नव्हती. कॅन्टीनवाल्याने दारातून “चहा आणू की कॉफी?” असं विचारलं, की हातातलं कार्ड खाली न ठेवता ते म्हणायचे, “हे दोन प्रश्न झाले गा. पहिला विचार.” तो विचारायचा, “चहा आणू?” “आण.” मग तो मुद्दाम विचारायचा, “अन् कॉफी?” “चहा येऊन राहिला ना, मग काहून विचारतं?” हे रोज चालायचं आणि रोज कुणीतरी हसायचं.

एकदा बायकोने “वांगी आणा नाही तं दोडके आणा” असं सांगून त्यांना बाजारात पाठवलं, तर ते दोन्ही घेऊन आले. ती चिडली. यांचं म्हणणं, तू सांगितलं त्यात वांगीही बसत होती आणि दोडकेही बसत होते, मग एकाला तिथंच सोडून यायचं मी कसं ठरवू? ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना त्यांच्या तोंडावरची सुरकुती हलायची नाही. ऐकणारे हसायचे. मी जरा जास्तच हसायचो, त्यांना ऐकू जाईल असं.

ही नागपुरातल्या एका कचेरीची गोष्ट आहे. तिचं नाव सांगत नाही. परीक्षांच्या निकालांचं जुनं रेकॉर्ड तिथं होतं. कुणाचं प्रमाणपत्र हरवलं, वाळवीने खाल्लं, पुरात गेलं, की माणूस आमच्या खिडकीवर यायचा आणि दुसरी प्रत मागायचा. त्याचं नाव कुठल्या रजिस्टरच्या कुठल्या पानावर आहे हे शोधून देणं बाबूजींचं काम. सगळी कचेरी त्यांना बाबूजी म्हणायची, मीही म्हणायचो. ठेंगणे, काटक, अंगात पांढरा पायजमा-सदरा, उजव्या अंगठ्याला रबराची टोपी. मे महिन्यात डोक्यावर ओला पंचा असायचा, आणि त्याचं पाणी कार्डांवर ठिबकू नये म्हणून खांद्यावर दुसरा कोरडा पंचा. घर जरीपटक्याच्या बाजूला, तिथून सायकलने यायचे. रविवारी तिथल्या कापडाच्या दुकानांतून हिंडून ज्यावर थान गुंडाळलेलं असतं तो पुठ्ठा मागून आणायचे आणि घरी बसून त्याची कार्डं कापायचे. कचेरीतून कार्डं मिळत होती, पण ती त्यांना पातळ वाटायची.

त्यांच्या खोलीत लाकडी खणांची तीन कपाटं होती. पहिल्यात परीक्षेच्या नंबराप्रमाणे कार्डं, दुसऱ्यात नावाप्रमाणे. तिसऱ्याचं पुढे सांगतो. खिडकीवर येणाऱ्या माणसाला धड काही आठवत नसायचं. नंबर हा असेल, किंवा नाव असं लिहिलेलं असेल. बाबूजी तो अर्ज घेऊन आधी पहिल्या कपाटाकडे जायचे, नंबर बघायचे, रजिस्टरचं पान चिठ्ठीवर लिहायचे. मग दुसऱ्या कपाटाकडे. मग तिसऱ्याकडे. शेवटी चिठ्ठ्या टेबलावर मांडायचे, दोन चिठ्ठ्यांवर एकच पान आलं असेल तर एक फाडून टाकायचे. सगळं मिळून चहा निवायच्या आत व्हायचं.

मी नवा असताना त्यांना विचारलं होतं, “तीनदा कशाला हिंडता? एकाच फेरीत नंबर आणि नाव दोन्ही बघत का नाही?”

“कोणत्या कपाटात बघू?” ते म्हणाले. “नंबराच्या कपाटात नाव कुठीसा आहे, कोणाले मालूम? तिथं नाव शोधाचं म्हटलं तं एकेक कार्ड उलटा लागते. पहिल्यापासून शेवटल्यापर्यंत. ‘किंवा’ म्हटलं की माणूस सगळं कपाट उपसते. दोन प्रश्न केले तं दोन खण उघडा लागतात, बस.”

मी ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन त्यांची नक्कल केली.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. पुण्याला दीड वर्ष राहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो होतो आणि येताना तिकडचं बोलणंही घेऊन आलो होतो. घरी आईशी वऱ्हाडी, कचेरीत चुकूनही नाही. कचेरीने नवं मशीन घेतलं होतं. त्यासाठी गार खोली बांधली होती, चपला बाहेर काढून आत जायचं. सगळी रजिस्टरं मशीनवर चढवायची आणि खिडकीवरच्या माणसाला बसल्या जागी उत्तर द्यायचं, हे माझं काम. साहेब मला ‘आमचे इंजिनिअर’ म्हणून ओळख करून द्यायचे. मी इंजिनिअर नव्हतो, पण साहेबांची चूक दुरुस्तही करत नव्हतो. त्याच साहेबांनी एकदा सहज विचारलं, “तुमचं आडनाव इकडचं वाटत नाही. मूळचे कुठले?” मी म्हणालो, “पुण्याकडचे.” हे खोटं होतं. आमचं घर कैक पिढ्या नागपूरच्या पलीकडे गेलेलं नाही. दीक्षा घेतल्यानंतर माझ्या वडिलांनी आडनाव बदललं, आणि बदललेलं आडनाव ऐकून कुणाला काही कळत नाही याचा मी मनातल्या मनात फायदा घ्यायचो. वडिलांनी ते मान ताठ ठेवून जगता यावं म्हणून बदललं होतं. मी त्याच्या आड लपत होतो.

आता तिसरं कपाट. रजिस्टरं मशीनवर चढवताना कार्डांवर काय काय आहे ते बघायला मी बाबूजींच्या खोलीत जाऊन बसायचो. एका दुपारी त्यांनी तिसऱ्या कपाटाचा एक खण ओढला. “यात नवे नावं आहेत. परीक्षेले बसला तेव्हा एक नाव, मागून बदललं. कोणी लग्न झालं म्हणून, कोणी दत्तक गेला म्हणून, कोणी दीक्षा घेतली म्हणून. माणूस खिडकीवर नवं नाव सांगते, मी इथं पाहतो, इथून जुनं रजिस्टर सापडते.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुझं मधलं नाव मी अपॉइंटमेंटच्या फायलीत पाहिलं. तुझ्या बाबाचं कार्ड आहे यात. मीच लिहिलं.”

त्यांनी ते कार्ड अर्धं वर काढलं. वर आमचं आताचं आडनाव, खाली बारीक अक्षरात पहिलं. मी दाराकडे बघितलं, कुणी नव्हतं.

“बाबूजी, हे कुणाला सांगू नका,” मी म्हणालो.

त्यांनी कार्ड परत खाली केलं. “यात लपवाचं काय आहे गा? चांगल्या मार्कानं पास झाला तुझा बाबा.”

ते रबराची टोपी काढून अंगठा पुसत बसले, मग म्हणाले, “हे कपाट सरकारनं नाही केलं. पहिले मीच खिडकीवर बसत होतो. एक माणूस आला. नवं नाव सांगितलं, सापडलं नाही. मी म्हटलं, पहिलेचं सांगा. त्यानं हळू सांगितलं. मले ऐकू नाही आलं. मी म्हटलं, जोरानं बोला. तं जोरानं बोलला तो. मागची लाइन ऐकून राहिली होती. दोघं जण हसले.”

“मग?”

“मग काय. सर्टिफिकेट घेऊन गेला. मी त्या दिवशी डबा खाल्ला नाही. रविवारी मार्केटात गेलो अन् पुठ्ठा आणला.”

सात-आठ महिन्यांत सगळं मशीनवर चढलं. मी शोधाचा प्रोग्राम लिहिला. ज्याचा नंबर हा, किंवा ज्याचं नाव हे, किंवा ज्याचं नवं नाव हे, तो दाखव. तिन्ही अटी ‘ऑर’ने, म्हणजे ‘किंवा’ने, जोडून मशीनला एकच प्रश्न, एकच क्वेरी. कागदावर ती फार देखणी दिसत होती. बटण दाबलं की डिस्कचा लाल दिवा लुकलुकायला लागायचा आणि वीस-वीस मिनिटं थांबायचा नाही. नंबराला इंडेक्स होता, नावाला इंडेक्स होता, म्हणजे बाबूजींच्या भाषेत दोन कपाटं मशीनच्या पोटात तयार होती. तरी उत्तर यायला वीस मिनिटं. मुंबईहून वरिष्ठ मंडळी मशीन बघायला येणार होती, त्याला पाच दिवस राहिले होते. साहेबांनी मला विचारलं, आणि मी सांगितलं की कार्डांवरून आलेली माहिती अशुद्ध आहे, म्हणून मशीन अडखळतं. हेही खोटंच. कारण मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची माझी तयारी नव्हती.

साहेबांनी बाबूजींना जाब विचारायला गार खोलीत बोलावलं. ते चपला काढून आत आले आणि गारठ्याने एका पायावर दुसरा पाय ठेवून उभे राहिले. मी साहेबांसमोर क्वेरी चालवून दाखवली. बाबूजी पडद्याकडे न बघता डिस्कच्या दिव्याकडे बघत होते.

“हे सगळंच वाचून राहिलं गा,” ते म्हणाले. “कपाट उपसून राहिलं. तू त्याले ‘किंवा’ म्हटलं काय?”

साहेब हसले. मीही हसलो. “बाबूजी, मशीनला असं काही नसतं.”

“मग त्याले एकेक प्रश्न विचारून पाह्य ना. तीन वेगळे विचार, मागून एका जागी कर, दोनदा आलेले काढून टाक.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “पण तिन्हीले कपाट पाहिजे. एकाले नसलं तं त्याच्यापायी पुन्हा सगळं उपसा लागते.”

साहेबांनी त्यांना जा म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी आलो आणि त्यांनी सांगितलं तसं करून बघितलं. नंबराची एक क्वेरी, नावाची दुसरी, दोन्हींचे निकाल एकत्र, दुबार ओळी बाद. मी बटणावरून बोट उचललं तोवर उत्तर पडद्यावर होतं. मी चारदा चालवून बघितलं. मग तिसरी, नव्या नावाची क्वेरी जोडली आणि लाल दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. नव्या नावाला मी इंडेक्स केलाच नव्हता. करायचा तर सगळी फाइल नव्याने बांधावी लागणार, डिस्कवर तेवढी जागा नव्हती, आणखी एक डिस्क मागवावी लागली असती. साहेबांना सांगायला हवं होतं की नवी नावं सध्या सापडणार नाहीत, मुदत द्या. त्यांनी विचारलं असतं, अशी किती माणसं असतात, कोण असतात. मला ते त्यांना समजावून सांगावं लागलं असतं, पुण्याकडचं आडनाव घेऊन. मी तिसरी क्वेरी काढून टाकली.

मुंबईची मंडळी आली. कुणीही नंबर सांगायचं, कुणीही नाव सांगायचं, आणि उत्तर लगेच. त्यातल्या एकाने विचारलं, “इतकं वेगात कसं केलंत?” मी सांगितलं, अट फोडली, प्रत्येक तुकड्याला त्याचा इंडेक्स मिळाला. “तुमची कल्पना?” मी ‘हो’ म्हणालो. बाबूजी तपासणीसाठी मागवलेली रजिस्टरं घेऊन दाराशी उभे होते.

त्यानंतर आठवड्याभराने ते एकटेच गार खोलीत आले. कार्डांची आता गरज नाही, ती रद्दीत द्यायची आहेत, आणि सगळी माहिती मशीनवर आली असं त्यांनी सही करून द्यायचं, असा साहेबांचा कागद त्यांच्या हातात होता.

“मशीनमधी तिसरं कपाट केलं ना गा?”

“हो, बाबूजी.”

“म्हणजे कोणी नवं नावच सांगितलं, दुसरं काहीच नाही, तं सापडते?”

“सापडतं.”

दोन प्रश्न वेगवेगळे विचारले होते त्यांनी, आणि मी दोन्हींना हो म्हणालो. त्यांनी माझ्याच टेबलावर कागद ठेवून सही केली. दोन दिवसांनी रद्दीवाल्याची हातगाडी आली. पुठ्ठा जाड म्हणून तो खूश होता. बाबूजींना जावक विभागात पाकिटांवर पत्ते लिहायला बसवलं. तिथून खिडकी दिसायची.

उन्हाळ्याच्या शेवटाला कामठीचे एक गुरुजी आले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा सदरा, सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. मुख्याध्यापकाची जागा मिळायची होती, मॅट्रिकचं प्रमाणपत्र जोडायचं होतं, ते सापडत नव्हतं. नंबर आठवत नव्हता. त्यांनी नाव सांगितलं. खिडकीवरच्या कारकुनाने ते मशीनवर टाकलं आणि म्हणाला, “असा कोणी नाही.”

“नीट पाहा. मी इथूनच पास झालो.”

“मशीन आहे ते, चुकत नाही. नाव बदललं काय तुम्ही?”

“हो.”

“पहिलेचं काय होतं?”

गुरुजींनी मागे वळून बघितलं. मागे दहा-बारा माणसं होती. मुलगी वडिलांकडे बघत होती.

“जोरानं सांगा हो, कूलरच्या आवाजात ऐकू येऊन नाही राहिलं,” कारकून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला काही कळतच नव्हतं.

मी त्याच्या मागे चार हातांवर, माझ्या टर्मिनलपाशी होतो. नव्या नावाचा रकाना मशीनमध्ये होता. काढलेली क्वेरी मी माझ्या पडद्यावर चालवली असती तर वीस मिनिटांत नाव मिळालं असतं. ‘गुरुजी, बसा, थोडा वेळ लागेल’ एवढंच म्हणायचं होतं. मी पडद्याकडे बघत राहिलो.

गुरुजींनी अर्जाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि मुलीला म्हणाले, “चाल.” ते गेले. पुढच्या माणसाने आपला अर्ज सरकवला.

बाबूजी जावकच्या टेबलावरून उठून त्यांच्या मागे बाहेर गेले. काय बोलले ते मला तेव्हा कळलं नाही. परत आले ते एका चिठ्ठीवर साल, केंद्र आणि घरचा पत्ता लिहून घेऊन; जुनं नाव त्यांनी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस, पत्ते लिहून झाले की ते मागच्या गोदामात जायचे आणि जुनी रजिस्टरं एकेक पान करून वाचायचे. मी जाता-येता बघत होतो. बदललेलं नाव ज्यात नोंदतात त्या शेऱ्याच्या रकान्यातून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरत होतं. जे त्यांनी आयुष्यभर टाळलं, तेच ते करत होते. त्या तीन दिवसांत कधीही मी ती क्वेरी चालवून पान क्रमांक त्यांच्या हातात देऊ शकलो असतो. पण मग त्यांनी विचारलं असतं, आधी का नाही सापडलं.

तिसऱ्या दिवशी त्यांना पान मिळालं. प्रमाणपत्राची प्रत त्यांनी स्वतः लिहून घेतली, सही-शिक्का करून घेतला, आणि सायकलला टांग मारायच्या आधी गार खोलीशी आले. चपला काढल्या नाहीत, आत आले नाहीत. दारातूनच म्हणाले, “तू हो म्हटलं होतं गा.”

“डिस्कवर जागा नव्हती, बाबूजी.”

“मग नाही म्हणाचं होतं. मी कार्डं जाऊ दिले नसते.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी तक्रार केली असती तर माझी नोकरी गेली असती. त्यांनी कुणाजवळ एक शब्द काढला नाही. माझ्याशीही त्यानंतर कामापुरतंच बोलले. पावसाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत साहेबांनी मला चार शब्द बोलायला सांगितले. मी त्यांच्या ‘किंवा’ची नक्कल केली, सगळे हसले, बाबूजीही थोडं हसले.

मग मी साहेबांकडे गेलो आणि सांगितलं की प्रोग्रामात एक सुधारणा करायची आहे, डिस्क हवी. सुधारणा म्हणालो, चूक म्हणालो नाही. डिस्क आली, दहा दिवस लागले, तिसरा इंडेक्स बांधला, तिसरी क्वेरी जोडली. पहिल्यांदा वडिलांचं नाव टाकून बघितलं. लगेच आलं. सुधारणेबद्दल माझी पाठ थोपटली गेली.

दिवाळीनंतर एका रविवारी दुसऱ्या प्रतींच्या नोंदवहीतून गुरुजींचा पत्ता घेऊन मी कामठीला गेलो. त्यांना सांगायचं होतं की ते जे झालं ते माझ्यामुळे. यंत्रमागांची खडखड चाललेल्या गल्लीत घर होतं. कुठल्या कचेरीतून आलो ते सांगितल्यावर गुरुजींनी आदराने बसवलं. मुलीने पाणी आणलं. मुख्याध्यापकाची जागा मिळाली होती.

“तुमचे बाबूजी स्वतः आले होते,” गुरुजी म्हणाले. “एवढ्या उन्हात सायकलनं आले. म्हटलं, पोस्टानं पाठवलं असतं तं चाललं असतं. तं म्हणाले, नाही गुरुजी, माफी मागाची होती. कार्डं मी जाऊ दिले, सही माझी आहे, माझ्यापायी तुम्हाले खिडकीवर उभं राहा लागलं. हात जोडत होते. मले कसंसंच झालं. असे माणसं राहिले कुठे आता?”

मी ‘हो’ म्हणालो.

“तुमचं नाव काय म्हणाले?”

मी नाव सांगितलं, आडनावासकट. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मला वाटलं, आता पहिलेचं नाव विचारतील. त्यांनी काही विचारलं नाही. मुलगी चहा घेऊन आली. मी चहा प्यालो, अभिनंदन केलं, इकडे काम होतं म्हणून आलो होतो असं सांगितलं आणि उठलो.

नागपूरची बस भरून आली होती. इंदोऱ्याला पुष्कळ माणसं उतरली. तिथून बाबूजींचं घर पायी दहा-पंधरा मिनिटांवर होतं, आणि रविवार असल्यामुळे ते घरीच असणार होते. मी दाराजवळच्या सीटवर होतो. कंडक्टरने विचारलं, “उतरून राहिले काय?”

मी म्हणालो, “नाही, पुढे.”